येथे पंक्चर काढून मिळेल : घरी बनवलेल्या भन्नाट सायकली, चालतात किती?

मागच्या अंकात शेवटी सहज विचारलं होतं की घरी, वर्कशॉपमध्ये, कुणी वेगळ्याच डिझाइनची सायकल बनवली असेल किंवा बनवायचा विचार असेल तर कळवा, आणि त्यानंतर जे मेल नि व्हॉट्सअ‍ॅप आले ते बघून वाटलं अर्ध्या महाराष्ट्राने वेल्डिंग मशिन बाहेर काढलंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही, कारण बऱ्याच जणांनी "घरी अजून सांगितलेलं नाही" असं लिहिलंय.

प्रश्न : सर, आम्ही कराडला डिप्लोमा मेकॅनिकलच्या लास्ट इयरला आहोत. चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्टला मागचं चाक वळणारी सायकल घेतलीय, पुढचं चाक फिक्स. फ्रेम मस्त झालीय पण कुणालाच ती दोन-चार फुटांच्या पुढे नेता येत नाही. प्रॅक्टिसने जमेल का? सबमिशन जवळ आलंय.

उत्तर : अरे बाबांनो, आधी विचारलं असतं तर! पण आता फ्रेम झालीच आहे तर ती का पडते ते नीट समजून घ्या, व्हायव्हाला तेच कामाला येईल.

साधी सायकल घ्या, फक्त सीटला धरून उभी करा आणि उजवीकडे किंचित कलती करा. हँडलला कुणी हात लावलेला नाही तरी पुढचं चाक आपोआप उजवीकडे वळतं. म्हणजे ज्या बाजूला सायकल पडतेय त्याच बाजूला चाक जातं आणि पडणाऱ्या वजनाच्या खाली आधार येतो, आपण फक्त वरून थोडी मदत करत असतो. याला एक कारण चिमट्याचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या पाइपचा, कोन. चिमटा ज्या रेषेभोवती वळतो ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टेकते एका जागी आणि टायर टेकतं त्याच्या पाच-सहा सेंटिमीटर मागे, या अंतराला ट्रेल म्हणतात.

आता तुमची सायकल. उजवीकडे पडायला लागली, म्हणून उजवीकडे वळायचंय, तर मागचं चाक डावीकडे फेकावं लागतं. म्हणजे सुरुवातीला आधार पडणाऱ्या बाजूपासून लांब जातो, आणि सायकलचं तोंड पुरतं उजवीकडे वळून ती तिकडे सरकेपर्यंत तुम्ही खाली. प्रॅक्टिसने यातलं थोडंच सुधारतं. उलट्या हँडलची सायकल, म्हणजे हँडल डावीकडे केलं की चाक उजवीकडे जाणारी, ती वेगळी गोष्ट. अमेरिकेतल्या एका इंजिनिअर यूट्यूबरला ती जमायला आठ महिने लागले पण जमली, कारण तिथे फक्त डोक्यातली सवय मोडायची होती. तुमच्याकडे सवयीचा प्रश्न नाहीये, सायकलच उलट्या बाजूने कामाला सुरुवात करते.

आणि तुम्ही एकटे नाही हं. 1970 च्या दशकात अमेरिकन सरकारच्या रस्ता सुरक्षा खात्याने मागून वळणारी मोटारसायकल बनवून घेतली होती, दोन्ही बाजूंना पडू नये म्हणून आधाराचे दांडे लावून. फिल्म तपासली तर ती दोन चाकांवर जास्तीत जास्त टिकली साधारण अडीच सेकंद! सरकारी बजेटमध्ये अडीच सेकंद, तुमचे चार फूट काही वाईट नाहीत.

मग प्रोजेक्टचं काय करायचं, तर विषय थोडा फिरवा. 1970 सालीच डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश केमिस्टने मुद्दाम 'चालवता न येणारी सायकल' बनवायचा उद्योग केला होता. सगळे म्हणायचे की चाकं गरगर फिरतात म्हणून सायकल उभी राहते, तर याने पुढच्या चाकाला लागून अजून एक चाक बसवलं, जमिनीला न टेकणारं, आणि ते उलटं फिरवलं, म्हणजे फिरण्याचा परिणाम रद्द व्हावा. गंमत म्हणजे सायकल तरीही चालवता आली. मग चाक चार इंच पुढे सरकवून ट्रेल उलटा केला, तेव्हा कुठे ती धड चालवेनाशी झाली. पुढे 2011 मध्ये कॉर्नेल आणि डेल्फ्टच्या लोकांनी ना चाकांच्या फिरण्याचा भोवऱ्यासारखा आधार ना ट्रेल अशी एक सायकल बनवून दाखवली जी ढकलून सोडली की स्वतःच तोल सांभाळते, त्यामुळे 'सायकल का पडत नाही' याचं एका ओळीचं उत्तर आजही नाही. तुम्ही असं करा, पुढच्या चाकाचा एक्सल पुढे-मागे सरकवता येईल अशा पट्ट्या साध्या सायकलच्या चिमट्याला लावा, ट्रेल बदलत जा आणि सायकल रिकामी ढकलून सोडून किती लांब जाते ते मोजा. टेबल तयार, ग्राफ तयार, आणि कोणाचं कोपर फुटत नाही.

प्रश्न : दादा, एकावर एक दोन फ्रेम वेल्ड करून डबलडेकर सायकल बनवलीय, सीट माझ्या छातीच्या वर येते. मित्र म्हणतात तोल जाऊन मरशील. पण मला तर साध्या सायकलपेक्षा सोपी वाटते, हे कसं काय? (सोलापूर)

उत्तर : तुम्हाला वाटतंय ते खरं आहे. तळहातावर पेन्सिल उभी धरून बघा आणि मग लांब काठी धरून बघा, काठी सोपी जाते कारण ती सावकाश कलते आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. उंच सायकलचं तेच. भानगड चढण्या-उतरण्याची. सिग्नलला पाय टेकत नाही म्हणजे काहीतरी धरायला हवं किंवा उडी मारायला हवी, आणि पुढचा ब्रेक करकचून दाबलात तर हँडलवरून थेट पुढे. मागचा ब्रेक चांगला ठेवा, गर्दीत नेऊ नका, आणि वायरी बघून चाला, आपल्याकडे केबलवाल्यांनी कुठल्या उंचीवर काय बांधलंय त्याचा नेम नाही.

प्रश्न : माझं इचलकरंजीत ग्रिल-गेटचं फॅब्रिकेशन आहे. भंगारातल्या दोन सायकली जोडून मागे रेलून चालवायची सायकल करायचा विचार आहे, कंबर धरते म्हणून. खरंच फायदा असतो का? घाटात चालेल का?

उत्तर : फायदा असतो, आणि इतका असतो की त्यावरून शंभर वर्षं होत आली तरी भांडण मिटलेलं नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा माणूस पायडल मारायच्या छोट्या चारचाकी गाड्या बनवायचा, त्याने तीच आयडिया दोन चाकांवर आणली. 1933 च्या जुलैमध्ये फ्रान्सिस फॉर या दुय्यम दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या रेसरने पॅरिसला त्या रेललेल्या सायकलवर एका तासात 45.055 किलोमीटर काढले आणि 1914 पासून कुणाला न हललेला 44.247 चा विक्रम मोडला. मोठमोठ्या रेसरांची नाकं कापली गेली, आणि 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ठरवून टाकलं की असली सायकल ही सायकलच नव्हे. झालं, तेव्हापासून हा प्रकार हौशी लोकांच्या गॅरेजमध्येच वाढला.

फायदा येतो कुठून, तर हवेतून. सपाट रस्त्यावर 25-30 च्या स्पीडला तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते, रेलून बसलं की समोरून माणूस लहान होतो. वरून बंद कवच चढवलं तर कुठवर जाता येतं बघा, 2016 मध्ये कॅनडाच्या टीमने नेवाडातल्या बॅटल माउंटनजवळच्या सरळ रस्त्यावर नुसत्या पायांच्या ताकदीवर ताशी 144.17 किलोमीटर काढले, त्यात चालवणाऱ्याला समोर काच नव्हतीच, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून चालवायची.

पण तुम्ही जर बारा-पंधराच्या स्पीडने बाजारात जाणार असाल तर हवेचा फायदा जवळजवळ शून्य, कंबरेचा आराम मात्र नक्की. घाटाचं स्पष्ट सांगतो, त्रास होईल. चढाला आपण उभं राहून सगळं वजन पायडलवर टाकतो ते इथे जमत नाही, फक्त मांड्यांनी सीटला रेटा देत ढकलायचं. त्यात वजन जास्त, आणि ही सायकल बुटकी असल्यामुळे कमी स्पीडला जास्त डगमगते (वर सोलापूरकरांना सांगितलं त्याच्या बरोबर उलट). म्हणून मागे गिअरचं मोठं फ्रीव्हील लावाच, सिंगल स्पीडवर आंबा घाटाचा विचारही करू नका.

आता बनवायचं. मागे 26 चं चाक, पुढे लहान मुलांच्या सायकलचं 20 चं. चेन अडीच-तीन जोडाव्या लागतील. चेनचा वरचा पदर ताणाचा असतो, तो जिथे वळवाल तिथे बेअरिंगवाली दात्याची पुली लावा, नुसता पाइप किंवा रोलर ठेवलात तर घासून घासून तुमची ताकद तिथेच खाईल. खालचा पदर ढिला, तो प्लॅस्टिकच्या नळीतून नेला तरी चालतो. वळताना टाच पुढच्या चाकाला लागते का हे वेल्डिंगच्या आधी, नुसतं टॅक मारून, सायकलवर बसून बघा.

आणि एक, तुम्ही गेटवाले म्हणून मुद्दाम सांगतो. सायकलचा पाइप गेटच्या पाइपसारखा नाही, भिंत पातळ असते, आर्कने भोक पडतं किंवा जोडाशेजारी पाइप कडक होऊन काही महिन्यांनी तिथेच चीर जाते. गॅसवर पितळी वेल्डिंग करणारा जुना कारागीर गाठा, हँडलचा पाइप जिथे फ्रेमला जोडला जातो तो जोड तरी त्याच्याकडूनच घ्या. बाकी रस्त्यावर ट्रकवाल्याला तुम्ही दिसणार नाही, मागे उंच काठीला झेंडा हवाच. कुत्र्यांना मात्र बरोबर दिसता, आणि तोंड त्यांच्याच उंचीला येतं.

प्रश्न : वॉशिंग मशिनच्या पार्टपासून बनवलेल्या सायकलने जागतिक विक्रम केला होता असं आमच्या क्लबात एक जण सांगतो. थाप आहे का? (नाशिक)

उत्तर : थाप नाही. स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री. त्याच्या 'ओल्ड फेथफुल' नावाच्या घरी बनवलेल्या सायकलच्या क्रँकमध्ये, म्हणजे दोन्ही पायडल ज्याला जोडलेली असतात त्या फिरत्या भागात, वॉशिंग मशिनचं बेअरिंग होतं. पण लोक तेवढंच लक्षात ठेवतात आणि मुद्दा राहतो. बेअरिंग त्याने गंमत म्हणून नाही वापरलं, त्याला दोन पायडलमधलं अंतर कमी करून गुडघे जवळ आणायचे होते, म्हणून क्रँकची जागा अरुंद केली. गुडघे फ्रेमला घासू नयेत म्हणून वरचा आडवा पाइपच काढून टाकला. हँडल छातीजवळ, हात दुमडून छातीखाली, धड पुढे झुकलेलं, दिसायला अगदी विचित्र पण हवेला अडवणारं जवळपास काही उरलं नाही.

1993 च्या जुलैमध्ये नॉर्वेत हामारला एक तासाच्या विक्रमासाठी उतरला. पहिल्या दिवशी नवीन, प्रोफेशनल बनवलेली कॉपी घेऊन बसला आणि विक्रम हुकला. माणूस म्हणाला उद्या सकाळी परत. रात्रभर भरपूर पाणी पीत राहिला, म्हणजे लघवीला जाग येईल आणि तेवढ्यात उठून पाय मोकळे करता येतील, आखडणार नाहीत! सकाळी आपली जुनी घरचीच सायकल काढली आणि 51.596 किलोमीटर. आधीचा विक्रम फ्रान्चेस्को मोझरचा 1984 चा, 51.151. आठवडाही झाला नाही तोवर ख्रिस बोर्डमनने हाही मोडला, 52.270, मग 1994 मध्ये ओब्रीने परत घेतला, आणि त्यानंतर संघटनेने ती बसायची पद्धतच बाद केली. त्याने हात लांब पुढे काढायची दुसरी पद्धत शोधली, त्यावर 1995 ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, तीही बंद. माझं मत विचाराल तर बंदी हेच सर्टिफिकेट. पण म्हणून तशी सायकल करून रोज ऑफिसला जाऊ नका, खांदे दहा मिनिटांत भरून येतात आणि ब्रेकपर्यंत हात वेळेत पोचत नाही.

प्रश्न : सोबत व्हिडिओ पाठवत आहे. यात इलेक्ट्रिक सायकलच्या पुढच्या चाकाला डायनॅमो लावून बॅटरी चालता चालता चार्ज होते, कधीच प्लग लावावा लागत नाही. आपल्या मासिकाने याला प्रसिद्धी द्यावी. (एक निवृत्त शिक्षक, वर्धा)

उत्तर : गुरुजी, माफ करा, प्रसिद्धी देता येणार नाही. डायनॅमो फिरतो कशाने, तर चाकाने, चाक फिरतं मोटरने, मोटर चालते बॅटरीवर. बॅटरीतून काढायचं, वाटेत थोडं सांडायचं आणि उरलेलं बॅटरीत परत टाकायचं. सायकल लवकर थांबेल, बाकी काही नाही. उतारावर किंवा ब्रेक मारताना थोडं परत मिळतं, पण ते 'कधीच प्लग नको' यापासून फार लांब. धडधाकट माणूस बराच वेळ सलग पायडल मारत राहिला तर साधारण 75 ते 100 वॅट देतो, म्हणजे आपला जुना सीलिंग फॅन. पूर्वीचा बाटलीसारखा डायनॅमो आठवतो ना, 6 व्होल्ट 3 वॅटचा? तेवढ्यालासुद्धा पाय जड व्हायचे.

आसाममधल्या मोरीगावच्या कनक दास यांच्या खड्ड्यांवर चालणाऱ्या सायकलबद्दल पण काही जणांनी विचारलंय. त्यात विचार जास्त शहाणा आहे, खड्ड्यात स्प्रिंग दबते तेव्हाची ताकद मागच्या चाकाला द्यायची. ती ताकदही आली तुमच्याच पायातून, खड्डा काही देत नाही, पण नाहीतर जी वाया जाते त्यातली थोडी परत येते एवढं मात्र बरोबर.

प्रश्न : मी सुतार आहे, सावंतवाडीला. पूर्ण लाकडी सायकल करता येईल का, चालेल अशी? शोपीस नको.

उत्तर : चालेल अशी म्हटल्यावर पायडलचा आणि चेनचा हट्ट सोडता येतो का ते आधी बघा. काँगोमध्ये गोमा शहराच्या भागात 'चुकुडू' नावाची लाकडी गाडी असते, निलगिरीसारख्या लाकडाची, दोन लाकडी चाकं, त्यावर रबराची पट्टी, पायडल नाही, गुडघा टेकवायला पॅड. डोंगरावरून पोती लादून उतारावर सोडायची आणि चढाला ढकलायची. शेकडो किलो माल नेतात, गोमात तिचा पुतळा उभा आहे. लाकडाला दाब सोसतो, पीळ सोसत नाही, आणि क्रँकजवळ सगळा पीळच असतो, म्हणून चुकुडू टिकते आणि लाकडी क्रँकवाल्या सायकली प्रदर्शनात जातात. मधला रस्ता म्हणजे फ्रेम बांबूची आणि चाकं, चेन, क्रँक नेहमीचं लोखंडी. पुण्यात निवृत्त ग्रुप कॅप्टन शशिशेखर पाठक यांनी 'बांबूची' नावाने अशी सायकल केलीय. बांबूचा पाइप निसर्गानेच पोकळ दिलाय, जोड मात्र जपून, बांबू वाळत गेला की जोडातच सैल होतो. कोकणातल्या पावसात तर जास्तच, टोकं नीट बंद करा.

प्रश्न : तण काढायचं सायकल कोळपं घरी बनवायचंय. जुनी सायकल आहे. दुकानातलं घ्यावं की हेच करावं? (ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : हाच प्रश्न सगळ्यात आधी घ्यायला हवा होता. परदेशातल्या विक्रमांचं कौतुक ठीक आहे, पण घरी बनवलेल्या सायकलींमध्ये खरोखर रोज कामाला जाणारी कुठली तर ही. जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी 'कृषीराजा' नावाने सायकलचं कोळपं केलं, नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांचा गौरव केला, आणि आता गावोगावचे वेल्डर आपापल्या पद्धतीने तेच करून देतात. बैल ठेवणं परवडत नाही, मजूर मिळत नाही, आणि पीक उभं असताना ट्रॅक्टर घालता येत नाही, तिथे हे बसतं.

जुनी सायकल असेल तर घरीच करा. पुढचं चाक, चिमटा, हँडल आणि फ्रेमचा पुढचा भाग ठेवा, मागचं चाक, चेन, पायडल भंगारात. चाक मोठं असलेलं बरं, ढेकळांवर अडकत नाही. टायर काढू नका, नुसती रिम मऊ रानात रुतते, आणि ट्यूबऐवजी आत जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबले की काट्यांची कटकट संपली. पास, म्हणजे तण कापणारं आडवं पातं, लावायची ती चाकाच्या मागे, नट-बोल्टने, वर-खाली करता येईल अशी. पासेचा कोन महत्त्वाचा. फार उभी झाली की जमिनीत घुसते आणि हँडल पोटात बसतं, फार आडवी झाली की वरवर सरकते आणि तण हसत उभं. इंच-दीड इंच खोल जाईल एवढीच ठेवा, मुळं कापायचीत, नांगरट करायची नाहीये. पासेची रुंदी दोन ओळींतल्या अंतरापेक्षा चांगली चार बोटं कमी. हँडलची उंची जो ढकलणार त्याच्या कंबरेच्या किंचित वर, आणि घरात बायका चालवणार असतील तर त्यांच्या मापाने करा, बनवणारा पुरुष असतो नि माप स्वतःचं घेतो, मग तिला दिवसभर खांदे वर करून ढकलावं लागतं, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

वाफसा असतानाच, म्हणजे रान ना चिखल ना कोरडं अशा वेळीच, चालवा. काळ्या ओल्या रानात पासेला चिखल चिकटून लगदा होतो आणि कडक वाळल्यावर पास उडते. तण चार-पाच पानांचं असेपर्यंत झकास, गुडघ्याएवढं होऊ दिलंत तर खुरपंच घ्यावं लागणार. खत-बी पेरायची जोडणी नंतर लावा, आधी हे सरळ चालू दे.

प्रश्न : सांगलीत पूर येतो तेव्हा पाण्यावर चालणारी सायकल वापरता येईल का?

उत्तर : पुरात नको. सायकल पाण्यावर चालते हे मात्र खरं, बिहारच्या मोतीहारीचे मोहम्मद सैदुल्ला यांनी 1975 च्या पुरानंतर तशी बनवली, दोन्ही बाजूंना हवेचे चौकोनी फ्लोट आणि मागच्या चाकाच्या तारांना पाती, पायडल मारलं की पाणी मागे. रस्त्यावर फ्लोट वर दुमडायचे. 2005 मध्ये त्यांना जीवनगौरव मिळाला. पण ती संथ पाण्यासाठी. कृष्णेच्या पुराच्या ओढीला शंभर वॅटचे पाय काय पुरणार, वर पाण्याखाली कुंपणाच्या तारा. लाइफ जॅकेट घ्या आणि बोटवाल्यांची वाट बघा.

प्रश्न : काका, चौकोनी चाकांची सायकल चालते का? मी सातवीत आहे. (ठाणे)

उत्तर : चालते, पण रस्ता पण तसा हवा! अमेरिकेत मॅकलेस्टर कॉलेजात स्टॅन वॅगन नावाच्या गणिताच्या सरांनी तशी बनवलीय, आणि न्यूयॉर्कच्या गणित म्युझियममध्ये चौकोनी चाकांची तीनचाकी लोक बसून चालवतात, सीट अजिबात उडत नाही. रस्त्यावर ओळीने ठरावीक आकाराचे उंचवटे असतात. तो आकार तुला घरी काढता येईल. चारी बाजू सारख्या असलेला पुठ्ठ्याचा चौकोन काप. त्याच्या एका बाजूएवढी पातळ साखळी घे, आईला विचारून, आणि भिंतीवरच्या कागदापुढे दोन टाचण्यांना लटकव. टाचण्या जवळ-लांब करत जा, साखळीची दोन्ही टोकं बरोबर 45 अंशात आली की थांब, पेन्सिलने साखळी गिरव, कागद उलटा कर. हा झाला एक उंचवटा. असे सात-आठ जाड पुठ्ठ्याचे कापून ओळीने एकापुढे एक चिकटव आणि चौकोनाच्या मध्यात टाचणी टोचून वरून घरंगळव, टाचणी सरळ रेषेत जाते का बघ. घसरत असेल तर उंचवट्यांच्या कडेला सँडपेपर लाव.